टूल टेबल सेव्ह झालंच नव्हतं

सकाळी सीएनसी मिलिंग मशीनच्या तीन नंबरच्या होल्डरमधला ६ एमएमचा एंड मिल (कापायचं टूल) बदलला. जॉबमधलं पॉकेट (कोरायचा खळगा) खोल होतं, जुना पुरत नव्हता, म्हणून नवीन जरा जास्तच बाहेर काढून पकडला. टूल सेटरवर टच करून हाइट घेतली, टूल टेबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या टूलच्या उंचीच्या यादीत, ६२.४० होतं त्याचं ७१.१० झालं, स्क्रीनवर नीट दिसलं, झालं आमचं सेटिंग.

दुपारी मशीन चालवणारा कॉम्प्युटर हँग झाला. माऊस पण हलेना, शेवटी बटण दाबून धरलं आणि बंद केला. परत चालू करून होमिंग घेतलं (मशीनला तिची मूळ जागा दाखवली), जॉबचं झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, गेलं असेल म्हणून प्रोब (टेकवून जागा मोजायचं साधन) लावून एक्स, वाय, झेड तिन्ही नव्याने घेतले, इथपर्यंत शहाण्यासारखं वागलो. टूल टेबल उघडून बघावं हे मात्र माझ्या आणि हाताखालच्या पोराच्या, दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यात एक आणि दोन नंबर टूल मस्त चालले, ते बरेच दिवस बदललेच नव्हते ना, त्यांची हाइट जुनी काय नि नवी काय एकच. त्यामुळे रॅपिडच्या (न कापता वेगाने सरकण्याच्या) नॉबवरचा माझा हात पण निघाला.

तीन नंबर जॉबवर आला आणि रॅपिडमध्ये खाली सुटला. कट्ट असा आवाज, बस. स्क्रीनवर झेड ५.००० दिसतोय, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते टूल जॉबच्या ५ एमएम वर, आणि इकडे अर्धा एंड मिल ॲल्युमिनियममध्ये रुतलेला, अर्धा होल्डरमध्ये. इमर्जन्सी दाबला पण दाबून करायचं काय राहिलं होतं.

पोरगा म्हणाला प्रोब खराब झाला वाटतं. मला पण आधी तेच वाटलं. मग टेबल उघडलं तर तीन नंबरसमोर ६२.४०. मघाशी मीच टाकलेलं ७१.१० गायब. फरक ८.७०, त्यातले ५ वरचे, म्हणजे ३.७ एमएम सरळ जॉबमध्ये. खड्डा डेप्थ गेजने मोजला, तितकाच भरला, प्रोब बिचारा निर्दोष.

झालं असं की हे सॉफ्टवेअर टेबलमधले बदल मेमरीत धरून ठेवतं आणि फाइलमध्ये लिहितं ते एकतर सेव्हचं बटण दाबल्यावर, नाहीतर नीट बंद करताना, विचारून. आम्ही नीट बंद केलंच नव्हतं, बटण दाबून पाडलं होतं. प्रत्येक कंट्रोलची तऱ्हा वेगळी असते म्हणा, जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये जी५४ (जॉबचं झिरो) कंट्रोलरमध्येच साठवलेलं राहतं, पण जी९२ (तात्पुरतं झिरो) आणि जी४३.१ ची टूल हाइट रिसेट मारला की साफ. त्याची मला सवय होती, म्हणून झिरो परत घ्यायचं सुचलं. टेबल हे फाइलमधून येतंय, ते कसं जाईल, असं डोक्यात बसलेलं.

नवीन एंड मिल लावला, टच केला, यावेळी आधी सेव्ह दाबलं, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडून आकडा बघितला आणि होल्डरवर मास्किंग टेप लावून पेनने पण लिहिला. उरलेला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ थांबून), रॅपिड २५ टक्क्यांवर काढला. खड्डा पॉकेटच्याच आत पडला होता म्हणून प्लेट वाचली, नशीब.

संध्याकाळी बंद करताना ती नेहमीची खिडकी आली, टेबल बदललंय, सेव्ह करायचं का? पोराचा माऊस सवयीने सरळ ‘नो’ वर. म्हटलं अरे थांब! रोज हेच दाबतोस का? तर म्हणे, तुम्हीच शिकवलंत.