टोन वाढला आहे

परभणीची थंडी दरवर्षी पेपरात येते. कृषी विद्यापीठात नोंदलेला पारा पहिल्या पानावर छापतात, लोक तो आकडा कौतुकानं वाचतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. थंडी पडली की माझे निम्मे पेशंट आखडतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूचे, म्हणजे आमच्याकडं 'लकवा मारलेले', पेशंट माझ्याकडं जास्त.

त्या मंगळवारी सकाळी पहिला नंबर आबांचा होता. गंगाखेडकडच्या एका खेड्यातले, सत्तरी ओलांडलेले. गावच्या भजनी मंडळात उभी हयात पखवाज वाजवलेला माणूस. दिवाळीनंतर मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, उजवं अंग गेलं आणि त्याच बाजूला वाचेचं केंद्र असल्यानं वाचाही गेली. सगळी नाही. एक शब्द मागं राहिला: हाव.

आता आमच्या भागात 'हाव' म्हणजे हो. पण आबांच्या तोंडी तो एकच शब्द घरभर सगळी कामं करायचा. सपाट 'हाव' म्हणजे हो. आखूड, तुटक 'हाव' म्हणजे नाही. शेवटी वर चढणारा 'हाव?' म्हणजे हे कोण आलं. लांबवलेला, खालच्या पट्टीतला म्हणजे पाणी दे. आणि मी कोपर सरळ करताना दुखलं की येणारा 'हाव' ऐकून तर दाराबाहेरच्या बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण ती शिवी होती हे सांगायची गरजच नव्हती. आमच्या सिस्टर तिसऱ्या दिवशीच ही भाषा शिकल्या. चिनी भाषेत म्हणे 'मा' हे एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की आई, ताग, घोडा आणि रागावणं असे चार अर्थ होतात. आमचे आबा त्यांच्या पुढं होते.

या आजारात असं होतं. शब्द आणि व्याकरण बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं. बोलण्याची चाल, त्यातला चढउतार, यात उजव्या बाजूचा वाटा मोठा. डावी बाजू गेली तरी चाल उरते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरनं असाच एक पेशंट तपासला होता, ज्याला फक्त 'तान' एवढंच म्हणता यायचं. दवाखान्यात सगळे त्याला तानच म्हणायचे. त्याच्या मेंदूवरून वाचेची जागा सापडली. कॉलेजात हे शिकताना मागच्या बाकावरून कुणीतरी आलाप घेतला होता, एवढंच मला आठवतं.

तर त्या मंगळवारी आबा आले आणि बोललेच नाहीत.

"राम राम आबा." काही नाही. "झोप लागली का?" नाही. मुद्दाम कोपर जरा ओढलं, शिवी तरी येईल म्हणून. त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

माझं धाबं दणाणलं. दुसरा झटका? मी चेहरा बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, डावा हात वर धरायला लावला, डोळे फिरवायला सांगितले, बीपी घेतलं. सगळं मागच्या वेळसारखंच. सांगितलेलं कळत होतं, करत होते. फक्त आवाज बंद. आणि उजवा हात मात्र भलताच कडक. मागच्या मंगळवारी मी त्याला २ दिले होते, आज सरळ ३. स्नायू किती आखडलाय ते मोजायला आमच्याकडं ० ते ४ अशी अॅशवर्थची पट्टी असते. ० म्हणजे हात सैल, हलवताना काहीच अडत नाही. ४ म्हणजे वाकत नाही आणि उघडतही नाही. आठ दिवसांत २ वरून ३ म्हणजे घरी काहीतरी बिनसलं होतं.

"काय केलं तुम्ही यांना?" मी मुलाला विचारलं. विचारलं कसलं, ओरडलोच.

मुलगा शांत माणूस. म्हणाला, "सर, तुमचा टोन जरा..."

आणि तिथंच त्याची बायको, जी एरवी दाराशी उभी असायची, पुढं आली. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्हीच लिहून दिलंय की सर. त्याच्यापरमानंच करायले आम्ही."

माझंच अक्षर. घरच्या व्यायामाची चिठ्ठी मी मराठीतच लिहितो, त्याचा मला थोडा अभिमानही आहे. होता. चिठ्ठीत असं होतं:

टोन वाढला आहे.
जबरदस्ती करू नका, झटका देऊ नका.
शांतपणे, हळूहळू घ्या.
रोज दोन वेळा.

"रोज दोनदा सांगायले मी," ती म्हणाली. "सकाळी चहाच्या टायमाला अन् संध्याकाळी दिवा लावल्यावर. शांततेतच. मामा, तुमचा टोन वाढलाय, डॉक्टरनं सांगितलंय, टोन कमी करा. येकदाबी आवाज चढवला नाही मी."

मी खुर्चीत बसलो. सिस्टर पाठमोऱ्या होऊन औषधाचं कपाट लावू लागल्या. ते कपाट त्यांनी दहा मिनिटांपूर्वीच लावलं होतं.

म्हणजे झालं होतं असं. दीड महिना ज्याच्याजवळ एकच शब्द उरलाय अशा माणसाला, डॉक्टरच्या सहीशिक्क्यानिशी, दिवसातून दोनदा सांगितलं जात होतं की तुझ्या त्या एका शब्दाचा सूर बरोबर नाही. आबांनी चार दिवस ऐकून घेतलं आणि मग तोही शब्द गिळून टाकला.

सुनेला दोष द्यायला मी धजणार नाही. मुलगा शेतात, आबांचं अंघोळपाणी, भरवणं, रात्री कूस बदलणं, सगळं तिच्याच अंगावर. त्यात दिवसभर सासऱ्याचे वेगवेगळ्या पट्ट्यांतले 'हाव' झेलायचे. तिची बाजू घेणारा एक कागद पहिल्यांदाच घरात आला होता आणि तो तिनं जपून ठेवला.

"अहो ताई, टोन म्हणजे आवाजाचा नाही. हाताचा टोन."

"हाताला कुठं टोन असतो सर?" मुलगा म्हणाला. "टोन मोबाईलला असतो, नाहीतर बोलण्याला."

बरोबरच होतं त्याचं. मी इतकी वर्षं रोज पन्नास वेळा हा शब्द उच्चारतो, पण तो कुणाला मराठीत सांगायची वेळ आली नव्हती. सरांनी आम्हाला इंग्रजीत शिकवला, आम्ही तसाच पुढं ढकलला. शिकवलेलं असं: कुठलाही स्नायू आराम करताना पूर्ण ढिला नसतो. मेंदू त्याला सतत थोडासा ताणून तयार ठेवतो. तो तयारीचा ताण म्हणजे टोन. लकवा झाल्यावर सुरुवातीला तो जातो, हात ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. काही आठवड्यांनी उलट होतं. मेंदूचा वरचा लगाम सुटलेला असतो, म्हणून स्नायू आपल्या मनानं आवळायला लागतो. कोपर दुमडतं, मूठ मिटते, अंगठा मुठीत अडकतो. झटक्यानं ओढलं तर अजून आवळतो. सावकाश घेतलं तर उघडतो. थंडी, दुखणं, पोट साफ नसणं, लघवीची जळजळ, चिडचिड, कशानंही वाढतो.

हे मी सांगू लागलो, मराठीत, तेव्हा कळलं आपण कुठं अडकलोय.

"म्हणजे हाताचा ताठरपणा वाढलाय. हाताला ताठा आलाय."

"ताठा तर त्यांना पहिल्यापासूनच हाय," सून म्हणाली.

"तसा ताठा नाही. म्हणजे, स्नायूला पीळ बसलाय."

"पीळबी हाय." हे मुलानं सांगितलं, खाली बघत.

"ताण. हातावर ताण आलाय."

"ताण तर सर मलाबी लई आलाय, कापसाचं काय झालं बघायलाव ना तुम्ही." त्यानं हे विनोदानं म्हटलं नव्हतं.

कडक म्हणावं तर कडक स्वभाव. आखडलाय म्हणावं तर 'आखडू' म्हणजे गर्विष्ठ. मराठीनं स्नायूचा एकेक शब्द घेऊन माणसाच्या स्वभावाला चिकटवून टाकलाय, आणि मी ज्या माणसाबद्दल बोलत होतो त्याचा स्वभाव सगळ्या गावाला माहीत. मी जो शब्द काढीन तो आबांच्या चारित्र्यावरच जाऊन बसत होता. आबा भिंतीकडं तोंड करून हे सगळं ऐकत होते. वाचा गेलेल्या माणसाच्या समोर लोक तो तिथं नसल्यासारखं बोलतात. त्या दिवशी मीही तेच केलं, हे मी इथं कबूल करतो.

मग ते वळले. डावा हात टेबलाकडं नेला. माझी गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी तिथं पडली होती, ती उचलली. मला वाटलं आता फेकून मारतात. सिस्टरनाही तेच वाटलं असणार, त्या एक पाऊल मागं सरल्या.

आबांनी हातोडी उजव्या कोपराजवळ नेली आणि खालून वर ठोकली. हलकेच. टक. थोडी बाजूला सरकवून पुन्हा खालून वर. टक. मग मनगटाशी. टक. प्रत्येक ठोक्यानंतर थांबायचे, मान तिरकी करून ऐकल्यासारखं करायचे. तसं करत करत त्यांनी त्या वाळलेल्या हाताला जवळजवळ फेरा घातला. मग मुलाकडं बघितलं.

मुलाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं. "उतरवायचा म्हणतेत," तो म्हणाला.

"काय उतरवायचं?"

"सर, पखवाज. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, लई चढली की कातड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे खालून ठोकतेत. मग वादी सैल होती अन् सूर उतरतो. वरून ठोकले की चढतो. लहानपणी हातोडी मीच धरून बसायचो ना यांच्याजवळ. पेटीवाल्यानं काळी चारचा सूर दिला की हे कान लावून ठोकायचे. झटक्यात ठोकलं तर पुडीच फाटती." तो एकदम थांबला. "म्हणजे आबांचा हात चढलाय?"

"हात चढलाय," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं मला आजही सांगता येत नाही.

"आवाज नाही?"

"आवाजाला काहीच झालेलं नाही. आवाजच तर तेवढा चांगला राहिलाय त्यांचा."

सून एवढा वेळ गप्प होती. ती आबांच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्यांची मिटलेली मूठ हातात घेतली, आणि मी दाखवलेलं आठ दिवस जे तिनं केलंच नव्हतं ते करायला लागली. आधी अंगठा. मग करंगळीकडून एकेक बोट. सावकाश. तिला ते माझ्यापेक्षा छान जमत होतं. "मामा, मला काय ठावं," एवढंच म्हणाली. आबांनी मान वळवली नाही, पण त्या दिवशी बोललेही नाहीत.

रात्री घरी गेल्यावर मी शब्दकोश घेऊन बसलो. टोन हा मूळ ग्रीक शब्द, 'टोनोस'. अर्थ ताण, ताणलेली दोरी, वाद्याची तार. ताणायच्या क्रियापदापासून झालेला. तार ताणली की सूर निघतो, म्हणून पुढं सूर. आणि त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ 'तन्' म्हणजे ताणणं, पसरणं. आपला ताण त्यातलाच, गवयाची तान त्यातलीच, तंतू त्यातलाच. पैठणचा विणकर मागावर जो ताणा लावतो तोही. सगळी एकाच घरातली माणसं निघाली. सकाळी मुलाला ताण, ताठा, पीळ करत बसलो होतो, आणि आबांनी एका हातोडीत सांगितलं होतं.

नवी चिठ्ठी मुलानंच सांगितली, मी लिहून घेतली. 'उजवा हात चढला आहे. रोज दोन वेळा कोमट पाण्यात धरून सावकाश उतरवा. घाई केली तर आणखी चढेल.' खाली सुनेच्या आग्रहानं एक ओळ जास्तीची: 'बोलण्याला कसलीही मनाई नाही.' तिला ती लेखी हवी होती. मी शिक्काही मारला.

पुढच्या मंगळवारी हात २ वर आला होता. थंडी उतरली म्हणून, पाण्यामुळं, की राग गेला म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. आबा खुर्चीत, सून मागं उभी, आणि बोलायला ती उतावीळ.

"सर, काल मामा वरडले माझ्यावर. चहात साखर नव्हती मनून."

"कसे ओरडले?"

तिनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं आणि हुबेहूब आबांचा आवाज काढला. लांबलचक, शेवटाला खाली कोसळणारा. "हाऽऽव."

आबांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. मान तिरकी केली, क्षणभर ऐकलं, आणि तोच शब्द अर्धी पट्टी खाली घेऊन तिला म्हणून दाखवला.