रसद कुठून येते?

‘पेशवे आणि राक्षस एकदम कसे वाचता हो? डोक्यात खिचडी नाही होत?’ हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात, हळदीकुंकवाला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे येतो. पेशवे म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या आणि राक्षस म्हणजे जादू-ड्रॅगनवाल्या. शेपटाला बहुतेक वेळा ‘या वयात’ चिकटलेलं असतं. एरवी मी हसून मजला येण्याची वाट बघते. पण तुम्ही विचारलंत आणि विचारून थांबलातसुद्धा, म्हणून सांगते.

खिचडी होते. मला ती आवडते.

माझी नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात. माल न्हावाशेवा बंदरात उतरला की तो बाहेर निघेपर्यंत आमचा जीव टांगणीला. एक कागद कमी पडला की कंटेनर जागचा हलत नाही आणि भाडं मात्र रोज चढत राहतं. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकं एका ठरावीक दिशेनेच चालतं. पुस्तकात सैन्य निघालं, झेंडे फडकले, शिंगं वाजली, की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की यांचं खाणंपिणं कोण बघतंय? घोड्यांना दाणावैरण कुठून येतेय? ज्या लेखकाला याचं उत्तर माहीत असतं त्याच्या पुस्तकातला ड्रॅगनही मला खरा वाटतो. ज्याला माहीत नसतं त्याचे पेशवेसुद्धा पुठ्ठ्याचे.

आता गेल्या दोन महिन्यांत काय वाचलं ते. आधी पानिपत. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988ची, मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजात होते आणि सगळं लक्ष लढाईच्या दिवसावर होतं. या वेळी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुन्हा आणली आणि लढाईच्या आधीच इतकी गुंतले की मुलुंडला उतरायचं राहून गेलं, थेट ठाण्याला पोचले. त्यानंतर आणखी दोन-चार पुस्तकं आणली, इतिहासाची. तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. ऑक्टोबर 1760मध्ये मराठे कुंजपुरा घेतात, तिथे धान्याचे साठे हाती लागतात, सगळे खूश. आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे येतो. झालं. मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता बंद. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले जातात. अब्दालीची रसद तोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं, तेही संपलं. पुढे छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, मुलं, यात्रेकरू, बुणगे, आणि येणारं काही नाही. दोन महिन्यांहून जास्त! माझा एक रीफर कंटेनर, म्हणजे थंड माल ठेवायचा, चार दिवस अडकला तर मला झोप लागत नाही.

त्याआधी त्याच वर्षी दिल्लीत लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊंनी नाणी पाडली होती, कारण फौजेला द्यायला पैसे नव्हते. शाळेत आम्हाला हे एका ओळीत शिकवलं. ती ओळ मी आता वाचते तेव्हा मला छत दिसत नाही, भाऊंच्या समोर उभा असलेला, हातात कागद घेतलेला कुणीतरी कारकून दिसतो. ‘एवढे बाकी आहेत सरकार.’ 

14 जानेवारी 1761च्या सकाळी उपाशीपोटी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत, तोंडाला हळद फासून माणसं बाहेर पडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि तरी दर वेळी पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना, गोळी लागली की मी मनात म्हणते, भाऊसाहेब, हत्तीवरून उतरू नका. ते उतरतातच. या वेळी कुर्ला स्टेशनात उतरले. समोरची मुलगी कानातले इयरफोन काढून ‘आंटी, आर यू ओके?’ म्हणाली.

पण मला खरं रडू आलं ते नंतर, पत्रावर. नानासाहेब पेशव्यांना रस्त्यात जे पत्र मिळालं त्यात म्हणे लिहिलं होतं की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. एका पिढीचं मरण सावकारी हिशोबात मांडलेलं. लोक याला काव्य म्हणतात. मला ते काव्य वाटत नाही, सवय वाटते. हात थरथरत असताना माणूस जी भाषा रोज लिहितो तीच लिहितो. नानासाहेब जूनमध्ये गेले, पर्वतीवर.

एवढं झाल्यावर मी राक्षसांकडे वळले. तेही इंग्रजीतून, डिक्शनरी मोबाइलवर ठेवून. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55मध्ये तीन भागांत आलं, भाचा गेली दहा वर्षं मागे लागला होता. मला वाटलं होतं तलवारी आणि जादू. आहेत, पण त्यात सॅम नावाचा एक माळी आहे आणि तो जगबुडीच्या मोहिमेवर निघताना बरोबर स्वयंपाकाची भांडी घेतो. मिठाची डबीसुद्धा! त्या पानावर मी पेन्सिलने ‘शाब्बास’ लिहिलं (पुस्तक भाच्याचं, तो रागावलाय). पुढे शत्रूच्या उंबरठ्यावर तो सशाचा रस्सा करतो आणि चुलीच्या धुरामुळे पकडला जातो. धूर होतो हे लक्षात ठेवणारा लेखक! पानात गुंडाळलेल्या वड्या असतात त्यांच्याकडे, एक खाल्ली की दिवसभर चालता येतं, आणि त्या किती उरल्यात याचा हिशोब हा माळी शेवटपर्यंत ठेवतो. जगाचं काय व्हायचं ते होवो, मी वड्या मोजत होते.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ त्यामानाने बारीक पुस्तक, 1968चं, उर्सुला ले ग्विनचं. एका आठवड्यात संपलं. त्यात एक मुलगी जादूगाराला विचारते, की तुम्हाला मंत्राने जेवण आणता येतं तर बरोबर शिधा कशाला घेता? तो सांगतो की मंत्राने आणलेलं जेवण दिसतं, वास येतो, पोट भरल्यासारखंही वाटतं, पण अंगात बळ येत नाही, कारण ते नुसते शब्द असतात. मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर विक्रोळी होती.

हिशोब असा राक्षसांच्या राज्यात सापडतो आणि नवल मात्र आपल्या इथेच, वसईला. मे 1739मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, ते सगळे सांगतात, मोठमोठ्या आवाजात सांगतात. मला ओढ घंटांची. पोर्तुगीज चर्चच्या घंटा तिथून निघाल्या आणि देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे तिच्यावर 1729 हे साल कोरलेलं आहे, तुम्ही वर बघितलंत तर दिसेल. आता मला सांगा, तेवढं धूड वसईच्या खाडीवरून भीमाशंकरच्या डोंगरावर चढलं कसं? बैल किती लागले, वाटेत मुक्काम कुठे, पावसाच्या आत पोचली का? कुठल्याच कादंबरीकाराला तो प्रवास लिहावासा वाटला नाही याचं मला वाईट वाटतं. ड्रॅगनच्या पाठीवरून कुणी उडालं तर मी तेवढी चकित होत नाही. त्याला घाट नसतो.

आणि तिकडे वसई पडल्यावर मुंबईतले इंग्रज इतके हादरले, की कोटाभोवती खंदक खणायला घेतला. व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये जमवले. माझं ऑफिस त्या कोटापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी चहाला खाली उतरते तेव्हा वाटतं, त्या वर्गणीची यादी कुणी लिहिली असेल, आणि कुणाकुणाकडून वसूल व्हायची राहिली असेल.

संध्याकाळच्या गाडीत भायखळ्याहून एक बाई चढते, मंडईतून भाजी घेऊन. चौथ्या सीटवर टेकते आणि मुलुंड येईपर्यंत मटार सोलते किंवा मेथी निवडते. तिला वाचायला वेळ नाही. ‘ताई, आज काय खाल्लं त्यांनी?’ असं विचारते फक्त, आणि मी सांगते. पानिपतच्या वेळी मी ‘काही नाही’ म्हणाले तर म्हणाली, ‘कालपण काही नाही म्हणालात.’

परवा सॅमचं सांगितलं. शेवटच्या चढणीला ओझं झेपेना म्हणून तो सगळं टाकून देतो, ती भांडीही. एका खोल भेगेत टाकतो आणि ती खाली पडतानाचा आवाज त्याला मरणघंटेसारखा वाटतो. मटाराची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

‘चांगली भांडी होती?’

‘हो.’

‘मग घरी गेल्यावर नवीन घेतली का त्याने?’

मला आठवेना. शेवटची शंभर पानं पुन्हा काढली आहेत, भांडुप येईपर्यंत दहा होतात.