हलकं रान, भारी रान आणि बर्फ

बर्फाच्या डोंगरावर घेऊन जाणाऱ्या लिफ्टच्या रांगेत माझा नंबर आला आणि त्या मुलीनं हात आडवा केला. विशीतली असेल. माझ्या पायातल्या स्कीबोर्डांकडं, म्हणजे बर्फावरून घसरायच्या आखूड फळ्यांकडं, बोट दाखवून तिनं विचारलं, "दोरी कुठंय?"

मी सांगितलं, बूट पक्के आवळलेत, हे बोर्ड पायातून सुटतच नाहीत, मग दोरी कशाला? तिचं उत्तर एकच. ब्रेक नाही, दोरी नाही, तर वर सोडणार नाही. मागं वीस-पंचवीस माणसं उभी. दिवसभराच्या तिकिटाचे पैसे भरलेले, उणे १४ तापमान, कॅनडातल्या कॅलगरीहून पहाटे अंधारात निघून आलेलो. एवढी एक फेरी जाऊ द्या, खाली आलो की बघतो, असंही म्हणून बघितलं. ती रागावली नाही, आवाज चढवला नाही. नुसती मान हलवली आणि माझ्या मागच्याला पुढं बोलावलं.

आपल्याकडं काहीतरी वाट निघाली असती. गाडी कितीही भरलेली असो, औशाच्या स्टँडवर कंडक्टर म्हातारीला खाली ठेवून जात नाही. "सरका जरा आत" म्हणतो आणि घेतो. मी त्यात वाढलोय आणि त्याची मला लाज वाटत नाही. माणूस बघून नियम थोडा वाकवण्यात माणुसकी असते, हे इथं आठ वर्षं राहूनही मला कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. त्या मुलीनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं.

मी कडेला जाऊन उभा राहिलो. तिथून खालचा उतार दिसत होता आणि उताराच्या पायथ्याशी चार-पाच वर्षांच्या पोरांची शिकवणी चालली होती. रंगीत हेल्मेट घातलेली दहा-बारा लेकरं, एकामागं एक. साध्या स्कीला, म्हणजे घसरायच्या लांब फळीला, ब्रेक असतो. बूट सुटला की दोन दांड्या खाली येऊन बर्फात रुततात आणि स्की जागीच थांबते. माझ्या बोर्डांना तो नव्हता. बूट धरणारा पट्टा तुटला असता, तर दोन्ही कडांना पोलादी पट्टी असलेली ती फळी कुणाच्याही पायात नसताना त्या लेकरांच्या दिशेनं सुटली असती. कॅनडातल्या प्रत्येक स्कीच्या डोंगरावर नियमांचा फलक असतो आणि सामान निसटून जाऊ नये याची सोय करणं हा त्यातला एक नियम. फलक मी शंभरदा बघितला होता. अर्थ त्या दिवशी कळला.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःची जागा सोडली. पाठपिशवीतून बुटाच्या जादा नाड्या काढल्या आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसून बोर्ड आणि बूट यांना गाठ मारायला लागले. हातमोजे काढून, उघड्या बोटांनी. "राहू द्या काका," मी मराठीतच बोलून गेलो. वडीलधारं माणूस पायाशी वाकलं की आपण मागं सरतो. मला मागंही सरता येईना, पाय बोर्डात अडकलेले. दोन्ही गाठी ओढून बघितल्या, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मुलीनं वाकून गाठी तपासल्या आणि मला वर सोडलं.

आणि वर जाऊन मी पडलो.

ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्कीबोर्ड म्हणजे आखूड, रुंद स्की. मोठ्या माणसाची साधी स्की १६० ते १८० सेंटिमीटर असते, स्कीबोर्ड साधारण ९० ते १३० च्या आत. हातात काठ्या लागत नाहीत, वळायला सोपं. माझी पहिली जोडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, ९० सेंटिमीटरची, मधे जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद. आदल्या रात्री गुडघाभर कोरडा बर्फ पडला होता. माझं वजन ८२ किलो. पहिल्याच उतारावर बोर्डांची टोकं बर्फाखाली गेली आणि मी तोंडावर गेलो. बोर्ड तिथंच रुतलेले, बूट त्यांना घट्ट, आणि मधे माझी नडगी पिळवटली. हाड वाचलं. तीन आठवडे लंगडत ऑफिसला गेलो.

घरी बसून डोक्यात हेच फिरत होतं. दोरीचा नियम खालच्या लेकराला माझ्या बोर्डापासून वाचवतो. माझ्या पायाला माझ्याच बोर्डापासून वाचवणं माझं काम आहे, त्यासाठी लिफ्टवर कुणी हात आडवा करत नाही. बूट फळीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. न सुटणाऱ्या बाइंडिंगवर नडगीची हाडं मोडतात, हे इथल्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. आखूड फळीमुळं गुडघा कमी पिळतो, पण सगळा जोर खाली नडगीवर येतो. मला विकणाऱ्यानं यातलं अक्षर सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं, पण विकणाऱ्यानं सांगायला नको का?

नंतर ज्या दुकानात गेलो तिथल्या बाईंनी किती पैसे खर्च करणार हे शेवटी विचारलं. आधी विचारलं, "कुठल्या बर्फावर जास्त जाता?"

मला एकदम औशातलं कृषी सेवा केंद्र आठवलं. बियाणं मागायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, रान हलकं का भारी? पाणी आहे का? मुरमाड असेल तर हे नेऊ नका. फळीपेक्षा जमीन आधी बघायची हे आम्हाला कुणी परदेशात शिकवायला नको होतं. माझे अण्णा चोपण रानात वखर घालायचा दिवस बोटानं माती दाबून ठरवतात. हे सगळं मला येत होतं, आणि तरी पंधरा हजार रुपयांची जोडी घेताना मी बर्फाला बर्फच समजलो.

बर्फ एक नसतो. ताजा, भुसभुशीत, कोरडा पडला की अंगाखाली जागा जास्त लागते. ऊसतोडीच्या गाड्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल: लोखंडी धावेची गाडी काळ्या चिखलात आसापर्यंत रुतते, तीच ओझं घेऊन टायरगाडी निघून जाते. जुन्या बोर्डाचा लांबी-रुंदीचा गुणाकार ८१० भरतो. नवे ११८ लांब आणि १३ रुंद घेतले, तो १५३४ भरतो. जवळजवळ दुप्पट जागेवर तेच ८२ किलो. शिवाय टोकं वर उचललेली, म्हणजे बर्फाखाली न घुसता वर चढतात. बाइंडिंग मधल्यापेक्षा दोन बोटं मागं बसवून घेतलं.

पण हेच रुंद बोर्ड कडक बर्फावर मला आवडत नाहीत. कॅलगरीकडं हिवाळ्यात चिनूक नावाचा गरम कोरडा वारा रॉकी पर्वतावरून उतरतो. काही तासांत तापमान पंधरा-वीस अंशांनी चढतं, वरचा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. सकाळी डोंगर काचेसारखा. तिथं फळी कडेवर उभी राहिली तरच पाय टिकतो, आणि रुंद फळी कडेवर आणायला वेळ लागतो. त्या दिवशी अरुंद, मधे कमान असलेला बोर्ड हवा. वजन पडलं की कमान दबते आणि कड सबंध लांबीनं बर्फाला धरते. कडेला धार मात्र पाहिजे. विळ्याला लावतो तशी, कानशीनं, अधूनमधून. मशीननं रात्रीतून दाबलेल्या उतारावर सकाळी बारीक रेघा असतात, नुकती पाळी घातलेल्या रानासारख्या, तिथंही अरुंदच बरा. ज्यांना उड्या मारायच्या, उलटं घसरायचं, त्यांनी दोन्ही टोकं सारखी वळलेला आणि बरोबर मधे बाइंडिंग असलेला घ्यावा. मी एकेचाळीस वर्षांचा, मला ते नको.

म्हणून आता माझ्याकडं दोन जोड्या आहेत. जुनी ९० चीच ठेवली, पण तिच्यावर सुटणारं, ब्रेकवालं बाइंडिंग बसवलं. ते किती जोरात सुटावं हे दुकानातल्या बाईंनी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि मी कसा घसरतो हे विचारून ठरवलं. मी "थोडं घट्ट ठेवा" म्हणालो. त्यांनीही मान हलवली. या वेळी मला राग आला नाही.

इथले लांब स्कीवाले स्कीबोर्डाला पोरांची फळी म्हणतात, ते मला पटत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या क्नाइसल कंपनीनं पायाच्या बोटांसारखं टोक असलेली 'बिगफूट' आणली, नंतर सॅलोमनची 'स्नोब्लेड' घरोघर गेली, १९९८ ते २००० 'हिवाळी एक्स गेम्स' या साहसी खेळांच्या सामन्यांत स्कीबोर्डाची स्पर्धा होती. वेगात लांब स्कीइतका स्थिर राहत नाही, सपाट वाटेवर काठ्या नसल्यानं ढकलत चालावं लागतं, हे मान्य. पण चाळिशीत शिकणाऱ्या, दोन लेकरांच्या बापाला पहिल्या दिवशी वळण घेता आलं ते याच फळीवर.

माय मात्र बर्फ म्हटलं की घाबरते. आमच्याकडं बर्फ म्हणजे गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तिनं डोळ्यांनी बघितली, काढणीला आलेली ज्वारी आणि हरभरा आडवा. "काय करूलालास बाबा त्या बर्फात?" हे ती दर रविवारी विचारते. तिला काय सांगू. डोंगरावर उभा राहिलो की मलाही वेगळंच दिसतं: पायाखाली साठलेलं पाणी. हाच बर्फ उन्हाळ्यात बो नदीतून कॅलगरीच्या नळाला येतो. आणि एप्रिल २०१६ मध्ये माझ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या विचारानं कधीकधी उतरायला पाय निघत नाही.

मागच्या रविवारी डोंगरावरूनच व्हिडिओ कॉल लावला. मार्च संपत आला की रात्री गोठलेला बर्फ उन्हानं दाणेदार होतो. लवकर गेलं तर दगड, उशीर झाला तर ओला चिखल, फळीला धरून ठेवणारा. मधला तास-दीड तासच चांगला. अण्णांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "वाफसा बघायचा की मग." वाफसा म्हणजे रानात काम करण्याजोगी ओल, ना चिखल ना कोरडं. मी म्हटलं, बर्फात कसा बघू? "गोळा कर. टाक खाली."

मी हातमोजा काढला, मूठभर बर्फ दाबून गोळा केला आणि फोन खाली धरून टाकला. तो तसाच पडून राहिला, नुसता चेपला.

"लई ओलं झालंय," अण्णा म्हणाले. "तुला उशीर झाला. उद्या लवकर जा."