टर्की, तुर्कस्तान आणि माझा आखडलेला खांदा

गेल्या वर्षी एप्रिलात, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या एका रानात, सकाळी सव्वासहाच्या सुमारास, मी एका ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसले होते. समोर २५ पावलांवर एक रानटी टर्की पक्षी, नर, पिसारा फुलवून उभा. तासभर मादीच्या आवाजात त्याच्याशी बोलून बोलून त्याला टेकडीवरून खाली आणला होता. सेफ्टी सरकवली, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

बार नाहीच. नुसतं टक्. टर्कीने मान ताणून माझ्या दिशेने पाहिलं, ‘पुट्’ असा एक तुटक आवाज काढला आणि निघून गेला. पळालासुद्धा नाही, चालत गेला. तो अपमान मला जास्त लागला.

बंदूक उसनी होती. कुणाची आणि कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. ती इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्यावर, चालणारी सेमी-ऑटो होती, एका बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. या प्रकारात बोल्टचं, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या भागाचं, डोकं पुढे जाऊन थोडं फिरतं आणि मगच कुलूपबंद होतं. त्यासाठी बोल्ट खाडकन सोडावा लागतो. पण झाडावर पक्षी झोपलेले, काळोख, सगळं रान चिडीचूप. अशा वेळी खाडकन सोडायचा धीर कुणाला होतो? मी तो हाताने धरून, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा हळूच पुढे नेला. डोकं अर्धवट फिरलं, कुलूप लागलं नाही, पुढचं वर सांगितलंच.

त्या दिवशी ठरवलं की आता स्वतःची बंदूक घ्यायची आणि तिची प्रत्येक खोड माहीत करून घ्यायची. बजेट ७०० डॉलर. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, “यात मला काही साफ करावं लागणार आहे का?” आईने फोनवर विचारलं, “अगं, तिकडे बाजारात मिळत नाही का तो पक्षी?” मिळतो. नोव्हेंबरात तर ढिगाने मिळतो. पण आजोळी, कोकणात, शेतराखणीची ठासणीची बंदूक भिंतीवर असायची आणि आम्हा मुलींना तिला हात लावायची बंदी होती. हे उत्तर मी आईला दिलं नाही.

शिकारीतले माझे गुरू म्हणजे शेजारचे आजोबा. निवृत्त शेतकरी, जन्म मिसूरीचाच. त्यांचं मत आधीच ठरलेलं: “टर्कीला एक बार पुरतो. दुसरा बार म्हणजे पहिल्याची माफी.” त्यांच्याकडे जुनी रेमिंग्टन ८७० आहे, पंपाची, म्हणजे दर बारानंतर हाताने मूठ मागे-पुढे ओढून भरायची, आणि तिच्यावर ते खूश आहेत. खरं सांगायचं तर नवख्याने पंपच घ्यावी. मॉसबर्ग ५०० किंवा ८७० सेमी-ऑटोच्या जवळपास निम्म्या किमतीत येते, काही बिघडत नाही, आणि मिसूरीत टर्कीसाठी तशीही चेंबर (बार उडायची जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा साठा) मिळून तीनच काडतुसं चालतात. तेव्हा “पाच-सहा बार भराभर” हा सेमी-ऑटोचा डौल इथे कामाचा नाही. मॅगझिनमध्ये प्लग, म्हणजे अडसर, घालून तो आपणच बंद करायचा.

मग मला सेमी-ऑटो का? उजवा खांदा. दोन वर्षांपूर्वी तो असा आखडला की वेणी घालता येईना. आता बराच सुटलाय, पण आजोबांच्या पंपमधून १२ गेजचं (गेज हे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक) तीन इंची टर्कीचं काडतूस उडवलं आणि आठवडाभर दंडावर जांभळा डाग मिरवला. टर्कीची काडतुसं साध्या काडतुसांपेक्षा फार लाथाडतात, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

म्हणजे माझ्यासाठी खरा प्रश्न इनर्शिया की गॅस, हाच होता. इनर्शियाची बंदूक हलकी, आत काजळी कमी, साफ करायला सोपी. पण ती धक्क्यावरच चालते, धक्का काही कमी करत नाही. गॅसच्या बंदुकीत दारू जळून नळीत झालेला थोडा गॅस भोकांतून पिस्टनवर जातो आणि तोच बोल्ट मागे ढकलतो. धक्का लांबतो, पसरतो. ठोसा बसण्याऐवजी कुणीतरी जोरात ढकलल्यासारखं वाटतं. बदल्यात पिस्टनवर काजळी धरते आणि ती वेळच्या वेळी खरवडावी लागते. मी रोज कढई घासते, मला त्याचं काय!

या एका निर्णयाने यादी निम्मी झाली. स्टोगर एम३००० आणि तिची २० गेजमधली बहीण एम३०२० बजेटात बसत होत्या, पण दोन्ही इनर्शियाच्या. फ्रँची अॅफिनिटी खांद्याला लावली तेव्हा प्रेमातच पडले, पण तीही इनर्शियाची आणि वर महाग. मॉसबर्ग ९४० प्रो टर्की गॅसची, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं भिंग) बसवायची सोय असलेली, फार देखणी. किंमत हजाराच्या पलीकडे. विंचेस्टर एसएक्स४ हातात घेतली, हळूच परत ठेवली.

१२ गेजचा हट्ट सोडला तेव्हा गाडी रुळावर आली. पूर्वी २० गेज म्हणजे पोरांची बंदूक. आता टंगस्टनचे छरे आलेत. शिशाची घनता ११च्या आसपास, यांची १८. त्यामुळे ९ नंबरचा बारीकसा छरासुद्धा लांबवर दम टिकवतो, आणि बारीक म्हणून एका काडतुसात कितीतरी जास्त मावतात. महाग मात्र इतके की पाच काडतुसांच्या डबीला ५० डॉलरच्या वर मोजावे लागले. पण वसंतातल्या हंगामात मारायचे दोनच पक्षी. एक डबी दोन वर्षं जाईल. साडेतीन इंची काडतुसाची बंदूक घ्या म्हणून कुणी गळ घातली तर नम्रपणे नाही म्हणा, तो खर्च बदकांची शिकार करणाऱ्यांचा.

शेवटी घेतली ट्रायस्टार व्हायपर जी२, गॅसची, २० गेज, तोकड्या दस्त्याची (दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग). सहाशेच्या आसपास पडली. कंपनी इथलीच, नॉर्थ कॅन्सस सिटीची. बंदुका बनतात तुर्कस्तानात. स्टोगरही तिथेच बनते. स्वस्त सेमी-ऑटो शोधायला गेलात की फिरून फिरून तुर्कस्तानातच पोचता. गंमत म्हणजे ज्या पक्ष्याला आपण टर्की म्हणतो त्याला तुर्की भाषेत ‘हिंदी’ म्हणतात. पक्षी मूळचा अमेरिकेचा, आणि नावं ठेवताना सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलेलं.

दस्ता तोकडा, हे मात्र मी कुठल्याही ब्रँडच्या वर ठेवीन. माझी उंची पाच फूट एक इंच. नेहमीच्या दस्त्याच्या बंदुकीत मान पुढे ताणावी लागते, आणि जाड जॅकेट घातलं की दस्ता काखेतच अडकतो. दुकानात जाताना शिकारीचं जॅकेट घालून जा. मी मे महिन्यात घालून गेले, लोक बघत होते.

कागदपत्रांचं म्हणाल तर ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म, त्यात जन्मदेशाच्या रकान्यात ‘इंडिया’, मग पार्श्वभूमीची तपासणी. पंधरा मिनिटांत बंदूक हातात. आमच्याकडे गॅस सिलिंडरच्या जोडणीला याहून जास्त वेळ लागायचा.

मग रेंज. ४० यार्डांवर मोठा कागद, त्यावर १० इंचांचं वर्तुळ. लोक म्हणतात त्यात शंभरेक छरे हवेत. पहिल्या बाराला वर्तुळात जेमतेम तीसेक, बाकी सगळे वर. मी चोकला, म्हणजे छरे एकवटणाऱ्या नळीच्या तोंडातल्या तुकड्याला, दोष देत नवीन चोकच्या किमती बघायला लागले. आजोबांनी नुसतं म्हटलं, “गाल.” उत्सुकतेने मी दस्त्यावरून गाल उचलत होते, की नळी वर, की छरे वर. नळीच्या टोकाला नेमासाठी मणी एकच असला तर ही चूक डोळ्याला कळत नाही. म्हणून नळीवरच्या पट्टीला चिमटीसारखे बसणारे फायबरचे साइट लावले: मागे दोन हिरवे ठिपके, पुढे एक लाल. गाल उचलला की लाल ठिपका हिरव्यांच्या डोक्यावर चढतो, लगेच कळतं. पुढच्या बाराला १४६ छरे, तेही बंदुकीबरोबर आलेल्याच चोकने. सराव मात्र स्वस्त काडतुसांवर करा, दर बाराला दहा डॉलर कोण उडवणार?

घरात १२ आणि २० दोन्हींची काडतुसं असतील तर वेगळ्या खोल्यांत ठेवा. २०चं काडतूस १२च्या नळीत पुढे सरकून अडकतं, आणि वर दुसरं भरून चाप ओढला तर नळी फुटते. २०ची बहुतेक काडतुसं पिवळी असतात ती त्यासाठीच. रानात जाताना अंगावर लाल, पांढरं, निळंही नको. नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं, दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजायचा. मी टिकली काढून ठेवते. बांगड्याही, पण त्या आवाजासाठी.

या वर्षी हंगामाचा दुसरा आठवडा. चेंबर रिकामा ठेवून अंधारात चालत गेले, बसल्यावरच भरलं. बोल्ट हळूच पुढे नेला, मग तळव्याने बोल्टची दांडी पुढे दाबली आणि बोटाने चाचपून पाहिलं. पुन्हा एकदा चाचपलं. सातला दहा कमी असताना तो आला, ३१ पावलांवर थांबला आणि मान उंच केली. धक्का बसल्याचं मला आठवतच नाही.

दुसरं काडतूस आपोआप चेंबरमध्ये चढलं होतं, ते काढून ठेवलं. पहिल्याचं पिवळं रिकामं नळकांडं मात्र बंदुकीने उजवीकडे दूर भिरकावलं होतं. मेअॅपलच्या छत्र्यांखाली गुडघ्यांवर बसून ते शोधायला मला दहा मिनिटं लागली.