येऊरच्या बांधावर लुझॉनची तालीम

ठाणं बेटावर वसलंय असं म्हटलं की आधी ठाणेकरच हसतात. नकाशा उघडून बघा. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. मधे उरतं ते साष्टी बेट. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. खाडी ओलांडून कल्याण गाठायला तिला १८५४ उजाडलं. त्या हिशेबाने येऊर हा बेटावरचा डोंगर, आणि तिथे भात लावणारे वारली हे बेटावरचे डोंगरी शेतकरी.

आम्हाला छोटा माहितीपट करायचाय तो फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावरच्या इफुगाओ शेतकऱ्यांवर. पण परदेशी जाऊन चाचपडण्यापेक्षा तालीम घरच्या बेटावर केलेली बरी, म्हणून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमचा कॅमेरावाला आणि मी उपवनहून वर निघालो. वार मुद्दाम मधला धरला. शनिवार-रविवारी येऊरला शेतकऱ्यांपेक्षा ढाबेवाल्यांची गिऱ्हाइकं जास्त दिसतात.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली, ड्रोन घरीच ठेवला होता. राष्ट्रीय उद्यानात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. इफुगाओवरच्या बहुतेक चित्रफिती एकाच पद्धतीने सुरू होतात: ढग बाजूला होतात, खाली हिरव्या पायऱ्या दिसतात, बासरी वाजते. माणूस दिसायला चौथं मिनिट लागतं.

पायऱ्या भव्य आहेत यात वाद नाही. कॉर्डिलेरा रांगेत १,५०० मीटर उंचीपर्यंत डोंगर कोरून केलेली भातखाचरं आहेत ती. मनिलाहून रात्रभर बसने बनावे गाव, आणि तिथून पुढे बाटाडला जाताना शेवटचा टप्पा पायीच. युनेस्कोने १९९५ मध्ये पाच ठिकाणच्या पायऱ्यांना जागतिक वारसा ठरवलं, २००१ मध्ये त्या धोक्यातल्या यादीत टाकल्या आणि २०१२ मध्ये बाहेर काढल्या. गंमत म्हणजे २० पेसोच्या नोटेवर छापलेला बनावेचा देखावा त्या पाचांत नाहीच. ‘दोन हजार वर्षं जुन्या’ हे वाक्य तर मी निवेदनातून आधीच खोडलंय. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या उत्खननांतल्या तारखा सांगतात की पाणभात तिथे स्पॅनिश आल्यानंतर पसरला, त्याआधी अळू लावत. परकीयांना टाळून डोंगरात शिरलेल्या माणसांनी हे उभं केलं, ही गोष्ट मला दोन हजार वर्षांपेक्षा मोठी वाटते.

पाटोणपाड्याच्या पुढे एका खाचरात आवणी चालली होती. रोपांच्या मुठी चिखलात फेकून ठेवलेल्या, चार बायका वाकलेल्या, एकीच्या पाठीवर इरल्याऐवजी खताच्या गोणीचं प्लास्टिक. आम्ही बांधावरून नमस्कार केला. त्यातल्या मावशींनी मान वर केली, पण आमच्याकडे नाही, आमच्या पायांकडे बघितलं.

“तिथनं सरा. खेकड्यानं भोक पाडलंय.”

बांधाच्या पोटातून खालच्या खाचरात पाण्याची बोटभर धार चालली होती. मावशी आल्या, टाचेने भोक चाचपलं, त्यात एक दगड सारला, गवताची जुडी दाबली, वर चिखलाचा गोळा आणि मग दोन्ही पायांनी थापटून थापटून तो बसवला. धार थांबली. कॅमेरावाला तोवर तिकाटणं सोडून गुडघाभर चिखलात उतरला होता.

“पाणी गेलं की चिखल गेला,” मावशी म्हणाल्या, “मग आवणी कशात करू?”

इफुगाओत खेकड्याच्या जागी गांडुळं आहेत. हातभर लांबीची मोठी गांडुळं भिंती पोखरतात, पाणी झिरपतं, आणि एक भिंत बसली की खालच्याही धोक्यात येतात. वरून पाणी पुरवणारं राखलेलं खासगी रान, त्याला तिथे मुयोंग म्हणतात, तेही सांभाळावं लागतं. म्हणजे आमचा माहितीपट पाणी अडवण्याचा. भात त्यात आपोआप येईल.

पण मग जायचं कधी? तिथल्या तिनावोन भाताचं पीक वर्षातून एकदाच. आपल्याकडे आवणी सुरू होते तेव्हा, जून-जुलैत, तिथे कापणी असते. तेव्हा बायका हुडहुड ही पारंपरिक गीतं गातात. दोनशेहून जास्त गीतं, एकेकाचे चाळीस भाग. सगळे पाहुणे तेव्हाच जातात. भिंतींची डागडुजी मात्र कापणीनंतर, आणि नेमके तेच चक्रीवादळांचे महिने. दरड कोसळली की रस्ता बंद. कॅमेरावाल्याचं मत कापणीचं. चित्र सोनेरी मिळेल, गाणं मिळेल. मला गाणं ‘मागून’ घ्यायचं नाहीये. कामात कानावर पडलं तर ठीक. शेवटी नोव्हेंबरवर एकमत झालं: वादळांचा भर ओसरू लागलेला, बी टाकायची तयारी सुरू, आणि ढासळलेल्या भिंतींवर माणसं.

दुपारी मावशींनी भाकरीसोबत टाकळ्याची भाजी वाढली आणि रोखठोक बोलल्या. “परत याल तर दोन हात जास्त आणा. तुमच्याशी बोलते तवर माझी लावणी राहते.” अंदाजपत्रकात विमान, बस, वाटाड्या, बॅटऱ्या सगळं होतं, बोलणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना त्या दिवशी घातला, आणि तो वरच्या ओळींत.

मग त्यांनी विचारलं, तिकडे जमिनीच्या वाटण्या कशा होतात. मी वाचलेलं सांगितलं: तुकडे करत नाहीत, चांगली खाचरं थोरल्या अपत्याला जातात, मुलगा असो की मुलगी.

“बरंय की. आमच्यात वाटून वाटून नुसते बांधच राहिले.” मग जरा थांबून, “पण धाकट्यांनी काय करायचं?”

परतीच्या बसमध्ये आम्ही प्रश्नावली नव्याने लिहायला घेतली. थोरले भेटतीलच, पायऱ्यांवर तेच उभे असणार. आता बाटाडमध्ये असा एखादा धाकटा शोधायचाय, जो मनिलाला न जाता भावाची भिंत बांधायला मागे राहिलाय, आणि तिथल्या वाटाड्याला पहिली चौकशी त्याचीच करायला सांगायचीय.