विंडोज ११ ला जुना संगणक चालत नाही म्हणतात? आधी पार्टिशन बघा, मग टॅबलेट घ्या (माझा अनुभव)

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्याकडे सहा-सात वर्षांचा संगणक आहे त्यांच्यापुढे तेव्हापासून एकच प्रश्न आहे: याच मशीनवर नवी सिस्टिम टाकायची, की मशीन बाजूला ठेवून बरासा टॅबलेट घ्यायचा? मी दोन्ही गोष्टी पार पाडल्या. बहुतेक काम सरळ होतं. एका जागी मात्र गाडी अडते आणि तिथे मदत मागितली की "मशीन जुनं झालं, नवं घ्या" असं ऐकायला मिळतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावरून मलाही हेच सांगण्यात आलं. ते साफ चुकीचं होतं. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत होता, टीपीएम (सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारा भाग) होतं, फक्त एक सेटिंग बंद होतं आणि डिस्कच्या जुन्या मांडणीमुळे दुसरं सुरू करता येत नव्हतं. धडधाकट मशीन भंगारात काढायचा सल्ला देण्याआधी कोणी दोन प्रश्नसुद्धा विचारत नाही, याचा राग अजून आहे. म्हणून तो भाग सविस्तर लिहितो.

आधी टॅबलेट बघायला जाऊ नका. संगणक टिकणार की नाही हे कळल्याशिवाय टॅबलेटकडून काय काम घ्यायचं हे ठरतच नाही. संगणक टिकला तर टॅबलेट वाचायला, नोट्स काढायला आणि व्हिडिओ बघायला पुरतो. संगणक गेला तर प्रिंटर, स्कॅनर, एक्सेलच्या मोठ्या फाइली हा सगळा भार टॅबलेटवर येतो आणि बहुतेक टॅबलेटना तो झेपत नाही.

विंडोजचं बटण आणि आर दाबून उघडणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ टाका (इथल्या सगळ्या आज्ञा अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या). तीन ओळी बघा: प्रोसेसर, बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट (सिक्युअर बूट म्हणजे मशीन चालू होताना फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय). इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आय५-८२५०यू चालतो, आय५-७२००यू चालत नाही. आय५-१०२१०यू सारखा आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पिढी सांगतात. एएमडी रायझन साधारण २००० मालिकेपासून चालतात, पण त्या मालिकेतले सगळे नाहीत, त्यामुळे नेमका क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधा. कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली आणि फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकूच नका. आधी एसएसडी बसवा.

प्रोसेसर यादीत नसेल तर पुढचे काही परिच्छेद सोडून लिनक्सच्या (विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टिमच्या) भागावर या. यादीत असेल आणि तरीही विंडोज ११ च्या पात्रता तपासणीत "टीपीएम २.० हवं" किंवा "सिक्युअर बूट हवं" असं लाल अक्षरात येत असेल, तर मशीन नाकारलं गेलंय असं समजू नका. बहुतेक वेळा ते भाग मशीनमध्ये असतातच, बंद असतात इतकंच.

टीपीएम सोपं आहे. टीपीएम डॉट एमएससी चालवा. सापडलं आणि आवृत्ती २.० दिसली तर विषय संपला. "सुसंगत टीपीएम सापडलं नाही" असं आलं तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत) जा. घोळ नावाचा आहे. तिथे टीपीएम या नावाने शोधलं तर पुष्कळदा काही सापडत नाही. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी म्हणून असतं, एएमडीवर एफटीपीएम म्हणून, आणि मेनू सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड किंवा ट्रस्टेड कम्प्युटिंग यांपैकी कुठलाही असू शकतो. काही मशीनमध्ये १.२ आवृत्तीची वेगळी चिप आणि फर्मवेअरमधलं २.० असे दोन पर्याय असतात. तिथे फर्मवेअरवालं निवडायचं.

पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू आहे का ते बघा. सुरू असेल तर ते स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. टीपीएमचं किंवा बूटचं सेटिंग बदललं की मशीन चालू होताना हीच की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कायमचा गेला, कोणीही तो उघडून देऊ शकत नाही. की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. खात्याचा पासवर्ड आधी आठवून बघा.

आता खरी अडचण. एमएसइन्फोमध्ये बायोस मोड "लेगसी" (मशीन चालू करायची जुनी पद्धत) असा दिसत असेल तर सिक्युअर बूट उपलब्धच होत नाही. अपग्रेडसाठी मशीन सिक्युअर बूटला सक्षम असणं पुरतं, ते प्रत्यक्ष सुरू असायलाच हवं असं नाही. पण लेगसी मोडमध्ये सक्षमताच दिसत नाही, म्हणून लाल शेरा येतो. मग माणूस बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय (नवी पद्धत) करतो आणि विंडोज चालूच होत नाही. कारण डिस्क एमबीआर पद्धतीने (पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची जुनी मांडणी) मांडलेली असते आणि यूईएफआयला विंडोज चालू करायला जीपीटी ही नवी मांडणी लागते. कोणीतरी लेगसी पद्धतीने पेनड्राइव्ह चालू करून विंडोज टाकलेलं असतं, म्हणून ही स्थिती येते. घाबरू नका, सेटिंग परत लेगसी केलं की विंडोज पुन्हा उठतं. फॉरमॅट करायला कोणी सांगत असेल तर थांबवा.

क्रम असा आहे: आधी डिस्क जीपीटी करायची, नंतर बायोस बदलायचं. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. तरीही सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय ही आज्ञा देऊ नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पहिली आज्ञा फक्त तपासणीची: एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस. एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर विंडोजची डिस्क कोणत्या क्रमांकाची आहे हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघून शून्याच्या जागी तो क्रमांक टाका.

इथे "डिस्कच्या मांडणीची तपासणी अयशस्वी" एवढंच एक वाक्य येतं आणि बरेच जण इथेच हार मानतात. कारण पडद्यावर येत नाही, विंडोज फोल्डरमधल्या सेटअपॲक्ट आणि सेटअपएर या दोन लॉग फाइलींमध्ये असतं. सर्वात जास्त आढळणारं कारण सांगतो: एमबीआर डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी पार्टिशन बसतात आणि हे साधन तीनपेक्षा जास्त असतील तर पुढे जात नाही, कारण यूईएफआयला लागणाऱ्या ईएफआय पार्टिशनसाठी त्याला एक जागा मोकळी लागते. आणि नेहमीची मांडणी तर नेमकी चार पार्टिशनची असते: सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी आणि निर्मात्याचं रिकव्हरी. एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह असेल तरीही तपासणी फसते.

उपाय: डी ड्राइव्हवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइली तिथून उघडून बघा, आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून डी काढून टाका. तो एक्स्टेंडेडमध्ये असेल तर उरलेलं रिकामं एक्स्टेंडेडसुद्धा काढा. सिस्टिम रिझर्व्हडला चुकूनही हात लावू नका. दिसायला ते अगदी छोटं आणि बिनकामाचं वाटतं, पण विंडोज चालू करणाऱ्या फाइली तिथेच असतात. मग पुन्हा तपासणी. "यशस्वी" आलं की त्याच आज्ञेत व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहा. काम फार वेळ घेत नाही. शेवटी री-एजंट फाइल बदलता आली नाही अशी ओळ आली तर रीएजंटसी /डिसेबल आणि मग रीएजंटसी /एनेबल द्या. नव्या मांडणीत रिकव्हरी पुन्हा जोडली जाते.

मशीन बंद करून थेट बायोसमध्ये जा. सीएसएम किंवा लेगसी सपोर्ट बंद करा, यूईएफआय ठेवा. विंडोज नीट चालू झालं की पुन्हा येऊन सिक्युअर बूट सुरू करा. ते करडं दिसत असेल तर दोन गोष्टी करून बघा. काही लॅपटॉपवर आधी बायोसचा सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, तेव्हाच तो पर्याय खुला होतो. काहींवर "सेटअप मोड" दिसतो. तिथे फॅक्टरी की पुन्हा बसवायच्या असतात. डेस्कटॉपमध्ये फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण त्या कार्डात यूईएफआयसाठी लागणारा भाग नसतो. मदरबोर्डवरचं सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारा भाग) रीसेट केलं की मूळ सेटिंग परत येतं.

आता डी पुन्हा बनवा. जीपीटीवर चारची मर्यादा नाही, विंडोज १२८ पार्टिशन चालवतं. एवढं झालं की अपग्रेड आपोआप पुढे सरकतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ही सगळी उत्तरं मदत क्रमांकावर बसलेल्या माणसाच्या पुस्तिकेत असायला हवीत. एक पार्टिशन काढून प्रश्न सुटतो, मशीन फेकून नाही.

नवी सिस्टिम नाही आवडली तर १० दिवसांत परत जाता येतं. निर्णयाला जास्त वेळ हवा असेल तर अपग्रेड झाल्या झाल्या डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६० ही आज्ञा द्या, मुदत ६० दिवसांची होते. या काळात डिस्क साफ करणाऱ्या साधनाला "आधीचं विंडोज" पुसू देऊ नका, परतीचा रस्ता त्यातच आहे.

प्रोसेसर बसत नसेल तर विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. नोंदणी मात्र स्वतः करावी लागते. अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, मी त्या सुचवणार नाही. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी ही प्रोसेसरमधली अंगभूत आज्ञा नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज चालूच होत नाही. त्यापेक्षा लिनक्स मिंट ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि काहीही न बसवता, थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघा. ब्राउझर उघडला म्हणजे झालं असं नाही. वायफाय, हेडफोनचा आवाज, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर मशीन जागं होतं का, प्रिंटर आणि विशेषतः स्कॅनर, हे तपासा. विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येत असतील आणि लिहिता येत नसतील, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली आणि फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी लिनक्सच्या भरीला पडू नये.

जुने मराठी दस्तऐवज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एक: फाइल युनिकोडमध्ये नसेल, जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर लिनक्सवर आणि टॅबलेटवर ती अगम्य अक्षरांची दिसेल. जुना संगणक चालू आहे तोवर तिचं युनिकोड रूपांतर करून घ्या, निदान पीडीएफ तरी बनवा.

टॅबलेट घेताना लोक इंच बघतात, पडद्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण बघत नाहीत. ए४ पान २१ बाय २९.७ सेंटीमीटर असतं. ११ इंची ४:३ पडद्यावर ते उभं धरून ७५ टक्के दिसतं, म्हणजे १२ पॉइंटची अक्षरं ९ पॉइंटची होतात. तेवढ्याच इंचाच्या पण १६:१० पडद्यावर ७० टक्के. ८.७ इंचांच्या १६:१० वर जेमतेम ५६ टक्के, म्हणजे अक्षर ७ पॉइंटच्याही खाली. स्कॅन केलेली पुस्तकं वाचायची असतील तर ४:३ घ्या. व्हिडिओ बघायचे असतील तर १६:१० बरा, वर-खाली काळ्या पट्ट्या कमी येतात.

अँड्रॉइड टॅबलेटमध्ये वाइडव्हाइनची (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची) पातळी तपासा. डीआरएम इन्फो या ॲपमध्ये ती दिसते. एल१ हवी. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असो, नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी देत नाहीत. मेमरी कार्ड घालता येतं म्हणून कमी साठवणीचा घेऊ नका, कारण ॲप बहुधा मूळ साठवणीतच राहतात. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, नकाशासाठी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पेनाने चित्र काढायचं असेल तर दाब ओळखणारं पेन लागतं. आयपॅडच्या साध्या मॉडेलला ॲपलची पेन्सिल प्रो चालत नाही. यूएसबी-सी पेन्सिल चालते, पण तिला दाब कळत नाही. नोट्ससाठी ती पुरेशी आहे.

अपडेट किती वर्षं मिळणार ते मॉडेल बाजारात आलं त्या तारखेपासून मोजा, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळतं तेव्हा ती दोन वर्षं गेलेली असतात. स्नॅपड्रॅगनवर चालणारा विंडोज टॅबलेट घेत असाल तर प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर एआरएम६४ साठी (स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरसाठी) आहेत का ते आधी बघा. नेहमीची सॉफ्टवेअर अनुकरणाने चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत.

आणि संगणकाबद्दल एक राहिलं. पुढे कधी बायोस अपडेट केलं तर काही मशीनवर सेटिंग मूळपदावर जातात: पीटीटी बंद, सीएसएम सुरू. सगळं नीट चालू असताना बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि अपडेटच्या आधी बिटलॉकर पुन्हा स्थगित करा.