बंदूक हाती देण्याआधी

मुलाला पहिला धडा नेमाचा नाही, नळीचा द्यावा. बंदूक रिकामी असली तरी नळीचं तोंड माणसाकडे वळता कामा नये. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ.

रिकामी करताना क्रम चुकला की घात होतो. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मगच बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढायचा. उलट केलं तर बोल्ट पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, चढवतो. मग चेंबर डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं.

मागून हाक आली की मूल वळतं, नळीही वळते. तसं झालं की त्या दिवसाचा सराव तिथेच बंद. मारू मात्र मुळीच नका. घाबरलेलं मूल चूक लपवतं, आणि बंदुकीबाबत तेच सगळ्यात धोक्याचं. पुन्हा घडलं तर महिनाभर बंदुकीला हात नाही.